दुखतं हे सिद्ध कोणी करायचं?

1985 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत, वॉशिंग्टनमध्ये, जेफ्री लॉसन हे बाळ दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्माला आलं. आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळ एक जोडवाहिनी उघडी असते. फुप्फुसांचं काम सुरू झालेलं नसल्यामुळे रक्त त्या वाटेनं परस्पर पुढे जातं. जन्मानंतर ही वाट आपोआप बंद व्हायला हवी, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती पुष्कळदा उघडीच राहते आणि छाती उघडून बांधावी लागते. जेफ्रीची तशी शस्त्रक्रिया झाली. तिच्यासाठी त्याला पॅन्क्युरोनियम हे औषध दिलं होतं. या औषधानं सगळे स्नायू लुळे पडतात. हात हलत नाही, कपाळाला आठी पडत नाही, रडता येत नाही. शुद्ध मात्र जात नाही आणि वेदनाही थांबत नाही. भूल दिलेली नव्हती, वेदनाशामक दिलेलं नव्हतं. पाच आठवड्यांनी बाळ गेलं. त्याची आई जिल लॉसन हिला हे सगळं नंतर कळलं. तिनं जाब विचारला तेव्हा तिला सांगण्यात आलं की इतक्या लहान बाळाला वेदना होतात हे कुणी सिद्ध केलेलं नाही.

हे उत्तर एका डॉक्टरच्या निष्ठुरपणातून आलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण त्या काळी अनेक नामांकित रुग्णालयांत हीच रीत होती आणि ती पाळणारी माणसं बाळांचे जीव वाचवण्यासाठी रात्रंदिवस खपणारी होती. म्हणून मला त्या उत्तराची रचना महत्त्वाची वाटते. मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण वेदना गृहीत धरतो आणि ती नाही असं म्हणणाऱ्याकडे पुरावा मागतो. बाळाच्या बाबतीत वेदना नाही हे गृहीत धरलं गेलं आणि पुरावा द्यायची जबाबदारी बाळावर टाकली गेली. ज्याला बोलता येत नाही, आणि ज्याचं रडणंही औषधानं बंद केलं आहे, त्याच्यावर. लहान मुलांच्या मोठ्या शस्त्रक्रियांत वेदना आवरण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करताना, माझ्या मते, सर्वांत आधी ही जबाबदारी कुणाच्या खांद्यावर आहे ते पाहिलं पाहिजे.

त्या डॉक्टरांची भीती खोटी नव्हती. 1940–50 च्या सुमारास ईथरसारखी वाफेची भूल आजारी नवजात बाळाला पुरेशी द्यायची म्हणजे त्याचा रक्तदाब कोसळायचा, बाळ टेबलावरच दगावण्याचा धोका असायचा. लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी 1950 मध्ये यातून वाट काढली: स्नायू शिथिल करणारं औषध, नायट्रस ऑक्साइड आणि हातानं दिलेला श्वास. या पद्धतीनं असंख्य बाळं जगली. पण नायट्रस ऑक्साइड एकटं फार सौम्य असतं, आणि पुढे कित्येक ठिकाणी तेही गळून पडलं. उरलं फक्त लुळं पाडणारं औषध. या रीतीला शास्त्राचा आधारही सापडला होता. मर्टल मॅकग्रॉ यांनी 1941 मध्ये बाळांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या होत्या. अगदी नवजात बाळांचा प्रतिसाद मंद आणि अनिश्चित दिसला, त्यावरून त्यांच्या मेंदूचा वरचा थर अजून कामाला लागलेला नाही असा अर्थ काढला गेला. नीट दाखवता येत नाही म्हणजे होतच नाही, ही उडी तेव्हा घेतली गेली आणि पुढची चाळीस वर्षं ती कुणी मागे घेतली नाही.

या कथेतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. जेफ्रीच्या शस्त्रक्रियेच्या चार वर्षं आधी, 1981 मध्ये, रॉबिन्सन आणि ग्रेगरी यांनी नेमक्या ह्याच शस्त्रक्रियेसाठी, अशाच अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फेंटानिल देऊन भूल देता येते असं छापून दाखवलं होतं. फेंटानिल हे अफूवर्गातलं कृत्रिम औषध आहे. ते ईथरसारखा रक्तदाब पाडत नाही. म्हणजे सुरक्षित औषध हाताशी होतं, ते वापरायची पद्धतही छापलेली होती. तरी ते त्या बाळापर्यंत पोचलं नाही, कारण त्याची गरज आहे असं मानणारं कुणी खोलीत नव्हतं.

ही समजूत ज्यानं मोडली तो डॉक्टर इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात शिकलेला. कंवलजीत सिंग आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि तिथल्या नवजात अतिदक्षता विभागात काम करू लागले. शस्त्रक्रियेला जाताना बऱ्या स्थितीत असलेली बाळं परत येताना राखाडी पडलेली, नाडी क्षीण झालेली, अशी का येतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी बाळांच्या रक्ताची साक्ष काढली. 1987 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 16 बाळं होती. सगळ्यांना नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिलं, निम्म्यांना शिवाय फेंटानिल. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या रक्तात ॲड्रिनॅलिनसारखी ताणाची संप्रेरकं, साखर, लॅक्टेट उसळलेलं आढळलं, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. बाळाचा चेहरा काही सांगत नव्हता, पण त्याचं शरीर आकांत करत होतं. त्याच वर्षी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं जाहीर केलं की नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशमन दिलं पाहिजे.

पाच वर्षांनी आनंद आणि हिकी यांनी बोस्टनमध्ये नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत दोन पद्धतींची तुलना केली. 15 बाळांना हॅलोथेन वायूची भूल आणि नंतर मॉर्फिन, म्हणजे तेव्हा पुरेशी मानली जाणारी पद्धत. 30 बाळांना शस्त्रक्रियेत सुफेंटानिलची मोठी मात्रा आणि नंतरचे 24 तास अफूवर्गातल्या औषधांची सलग धार. पहिल्या गटातली चार बाळं दगावली. दुसऱ्यातलं एकही नाही. अभ्यास छोटा होता आणि हृदयशस्त्रक्रियेचं तंत्र तेव्हापासून पुष्कळ बदललं आहे, म्हणून त्या आकड्यांवर आज कुणी मात्रा ठरवणार नाही. पण वेदनाशमन म्हणजे उपचार संपल्यावर वर दिलेली माया, जमलं तर द्यावी, ही कल्पना मात्र त्यानंतर टिकू शकत नाही. जीव वाचवण्याच्या कामाचाच तो एक भाग आहे.

मग जितकं जास्त तितकं चांगलं का? नाही, आणि हे दाखवून देणाऱ्यांतही आनंदच होते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निओपेन’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या 898 अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी काहींना आधीपासूनच मॉर्फिनची सलग धार दिली गेली. ती बाळं शस्त्रक्रियेची नव्हती. मॉर्फिननं मेंदूतला रक्तस्राव किंवा मृत्यू कमी होतील ही आशा होती, ती फळली नाही. उलट रक्तदाब उतरण्याचं प्रमाण वाढलं. ज्या माणसानं बाळांना अफूवर्गातली औषधं द्यायला जगाला भाग पाडलं, त्यानंच सरसकट देऊ नका असाही निष्कर्ष छापला. या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर आहे, कारण दोन्ही वेळा त्यांनी समजुतीऐवजी बाळाकडे पाहिलं.

आता मोठ्या शस्त्रक्रियेची आजची तुलना. चार वर्षांच्या मुलाला मूत्रपिंडाची विल्म्सची गाठ आहे असं धरू. पोट आडवं उघडून एक मूत्रपिंड काढायचं आहे. टेबलावर तर पूर्ण भूल असणारच. खरा प्रश्न त्या रात्रीचा आणि पुढच्या दोन दिवसांचा आहे. एक मार्ग मॉर्फिन किंवा फेंटानिलच्या शिरेतल्या धारेचा. हे औषध मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतं. स्वस्थ पडलेल्या मुलाला त्यानं आराम पडतो, पण खोकला आला की कळ तशीच येते, म्हणून मूल खोकला दाबतं, श्वास वरवर घेतं. शिवाय खाज, उलट्या, सुस्तावलेलं आतडं, आणि मात्रा जास्त झाली तर मंदावणारा श्वास. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं यकृत मॉर्फिनचा निचरा सावकाश करतं, त्यामुळे तिथं हा धोका अधिक.

दुसरा मार्ग पाठीतला. मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून बुपिव्हाकेनसारखं बधिर करणारं औषध सोडत राहायचं. ही एपिड्यूरल. तिनं वेदनेचा संदेश वाटेतच अडतो. मूल जागं राहतं, खोल श्वास घेतं, खोकतं, लवकर खेळायला मागतं. मोठ्यांमध्ये या पद्धतीनं रक्तदाब उतरतो तसा साधारण आठ वर्षांखालच्या मुलांत सहसा उतरत नाही, हा निसर्गाचा मोठाच दिलासा. याच पद्धतीचं छोटं रूप म्हणजे कॉडल: माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या छिद्रातून एकदाच दिलेलं इंजेक्शन. कॅम्पबेल यांनी 1933 मध्ये ते मुलांत वापरलं. आज आपल्याकडे हर्नियापासून मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांपर्यंत ते रोज दिलं जातं. औषध स्वस्त, साधन म्हणजे एक सुई. पण त्याचा परिणाम चार-सहा तासांत ओसरतो, आणि मोठ्या शस्त्रक्रियेची रात्र त्याहून लांब असते.

‘पाठीत इंजेक्शन दिलं की जन्माची कंबरदुखी लागते,’ असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. आईवडिलांनी हे विचारावं आणि डॉक्टरांनी न चिडता उत्तर द्यावं, कारण उत्तर उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये मुलांच्या 10,633 एपिड्यूरलची नोंद ठेवली गेली, ती 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. गंभीर म्हणाव्यात अशा घटना पाच, आणि वर्षानंतरही त्रास उरलेलं मूल एक. अमेरिकेतल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन लाखाहून अधिक बधिरीकरणांची नोंद 2018 मध्ये मांडली. त्यात मज्जातंतूला कायमची इजा झालेलं एकही मूल नव्हतं. या नोंदींनी आणखी एक जुना वाद मिटवत आणला. मोठ्या माणसाला सुई टोचताना जागं ठेवतात, म्हणजे चुकीच्या जागी लागलं तर ‘पायात कळ गेली’ असं तो सांगू शकतो. मुलांना मात्र झोपवूनच टोचतात. मग सांगणार कोण, अशी शंका अनेकांना होती. अनुभव असा की झोपलेल्या, स्थिर मुलात सुई सुरक्षितपणे जाते. घाबरून तडफडणाऱ्या मुलात ती टोचणंच धोक्याचं.

तरी एपिड्यूरलला मी सर्वश्रेष्ठ म्हणणार नाही. नळी सरकते, औषध बाहेर झिरपतं, कधी एकाच बाजूला बधिरता येते, लघवी अडकते. नवजात बाळाच्या रक्तात बुपिव्हाकेनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी असतं, त्यामुळे मोकळं औषध साठून झटके येऊ शकतात. म्हणून तिथं धारेची मर्यादा मोठ्या मुलांच्या निम्म्यावर ठेवतात. कॅन्सस सिटीत छातीच्या खोलगट हाडावरच्या शस्त्रक्रियेसाठी 110 मुलांत एपिड्यूरल आणि मुलानं स्वतः बटण दाबून घ्यायचं मॉर्फिनवर्गीय औषध यांची तुलना झाली. एपिड्यूरल गटातल्या 22 टक्के मुलांत ती बसलीच नाही किंवा चाललीच नाही, आणि एकूण फरक नगण्य निघाला. अल्ट्रासाऊंडच्या पडद्यावर पाहून पोटाच्या किंवा पाठीच्या स्नायूंच्या थरात औषध सोडण्याच्या नव्या पद्धती आता एपिड्यूरलची जागा घेऊ पाहत आहेत. त्यांत धोका कमी आहे, पण पोटाच्या आतल्या अवयवांची कळ त्यांतल्या अनेकींना नीट आवरत नाही.

सर्वांत शिकवून जाणारी तुलना मला रॉटरडॅमची वाटते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात मोठी शस्त्रक्रिया झालेली, एक वर्षाच्या आतली 71 बाळं होती. काहींना मॉर्फिनची धार, काहींना ठरावीक वेळेला शिरेतून पॅरासिटामॉल. दोन्ही गटांत बाळाला दुखतंय असं मोजमापात दिसलं तर वरून मॉर्फिन द्यायचं. पॅरासिटामॉलच्या गटाला पहिल्या 48 तासांत लागलेलं एकूण मॉर्फिन 66 टक्क्यांनी कमी भरलं. बातम्यांत याचा अर्थ ‘साधं पॅरासिटामॉल पुरतं’ असा झाला. मला त्यातलं खरं औषध तिसरंच वाटतं: ठरलेल्या वेळेला बाळाच्या खाटेशी येऊन वेदना मोजणारी आणि आकडा चढला तर लगेच मॉर्फिन देण्याची मुभा असलेली परिचारिका. ती काढून घ्या, मग पॅरासिटामॉलचा तो गट म्हणजे अर्धवट उपचार मिळालेल्या बाळांचा गट उरतो.

हे माझं मुख्य म्हणणं आहे. चांगल्या हातांत या पद्धतींमधला फरक मर्यादित असतो. मोजणं आणि न मोजणं यांतला फरक त्याहून फार मोठा. पहाटे दोनला एपिड्यूरलची नळी सरकली तर जगातली उत्तम पद्धत शून्य झाली, आणि ते कळायचं एकच साधन म्हणजे पाहणारं माणूस. मोजायला यंत्रही लागत नाही. मिशिगन विद्यापीठात 1997 मध्ये तयार झालेल्या ‘फ्लॅक’ पद्धतीत पाच गोष्टी पाहतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. जरा मोठ्या मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवून बोट ठेवायला सांगतात. परळच्या टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं येतात. ज्या मुलाची भाषा वॉर्डात कुणालाच येत नाही त्याला हे चेहरे कळतात.

मोजताना फसगत होते ती गप्प मुलाची. टाके ओढतील म्हणून काही मुलं हालतच नाहीत. काही मुलं ‘दुखत नाही’ असं सांगतात, कारण दुखतं म्हटलं तर सुई येईल. आयोवाच्या जो एलंड या परिचारिकेनं 1970 च्या दशकात शस्त्रक्रिया झालेल्या 25 मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या 13 जणांना वेदनाशामकाची एकही मात्रा मिळाली नव्हती. आपल्याकडे तर ‘रडलास तर सिस्टर सुई टोचतील’ ही धमकी आईपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे सहज देतात. ही धमकी आजच थांबली पाहिजे. ती दिली की मूल वेदना लपवायला शिकतं आणि आपण आपल्याच हातानं आपला एकमेव साक्षीदार फितवतो.

‘लहान आहे, विसरून जाईल,’ हा दुसरा आधार. आठवण राहो न राहो, शरीर विसरत नाही. ॲना टॅडिओ यांनी 1997 मध्ये दाखवलं की वेदनाशमनाशिवाय सुंता झालेली बाळं चार ते सहा महिन्यांनी लस टोचताना, बधिर करणारं मलम लावून सुंता झालेल्या बाळांपेक्षा जास्त कळवळतात. 2015 मध्ये ऑक्सफर्डमध्ये नवजात बाळांच्या मेंदूचं एमआरआय चित्रण झालं. वेदनेच्या वेळी मोठ्यांच्या मेंदूतले जे 20 भाग जागे होतात त्यांतले 18 बाळांतही जागे झाले, तेही कितीतरी हलक्या टोचणीनं. मॅकग्रॉंच्या टाचणीला हे उत्तर मिळायला 74 वर्षं लागली.

आणि भूलच मेंदूला बाधली तर? ही आईबापांची काळजी मी हलकी मानत नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही 2016 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांतल्या तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल इशारा दिला. पण सात देशांत 722 बाळांवर झालेल्या ‘गॅस’ चाचणीत हर्नियासाठी साधारण तासाभराची वाफेची भूल मिळालेली आणि जागेपणी फक्त कण्यात बधिर केलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत सारखीच निघाली. लांब शस्त्रक्रियांबद्दल असं ठाम उत्तर अजून नाही. त्यावरून शस्त्रक्रियेची वेळ विचारपूर्वक ठरवावी, बधिरीकरणाची जोड देऊन वायूची मात्रा कमी करावी, एवढं निघतं. वेदनाशमन आखडतं घ्यावं असं त्यातून मुळीच निघत नाही.

आपल्या देशात अडचणी खऱ्या आहेत. मंदसौर–नीमचच्या पट्ट्यात सरकारी परवान्यानं अफू पिकते, तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली, पण हातांची सवय आणि मनातली धास्ती कायद्याच्या दुरुस्तीनं जात नाही. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात ते सरकारी वॉर्डात गेलेल्या कुणालाही माहीत आहे. अशा वॉर्डात मॉर्फिनची धार सोडणं धोक्याचं आहे, हे भूलतज्ज्ञांचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच तिथं टेबलावर मूल झोपलेलं असतानाच बधिरीकरण, घड्याळाच्या ठोक्याला पॅरासिटामॉल आणि कळ चढलीच तर मॉर्फिनची मोजकी मात्रा, हा क्रम योग्य. आपल्या वॉर्डांत एक गोष्ट मुबलक आहे: मुलाशेजारी बसलेली आई. ब्रिटनला आईबापांना मुलांच्या वॉर्डात मोकळेपणी येऊ द्या असं सांगायला 1959 चा प्लॅट समितीचा अहवाल लागला. आपल्याकडे ती खाटेखाली चटई टाकून असतेच. तिला ‘फ्लॅक’चे ते पाच मुद्दे शिकवायला फार वेळ लागत नाही. मात्र तिनं सांगितल्यावर धावून येणारं कुणी हवं. ‘बाई, पोरं रडतातच,’ असं म्हणून तिला परतवायचं असेल तर शिकवूच नये.

शस्त्रक्रियेआधी आईवडिलांची सही घेतली जाते त्या संमतिपत्रांत भुलीचे धोके लिहिलेले मी वाचले आहेत. न आवरलेल्या वेदनेचा धोका त्यांतल्या एकाही कागदावर नव्हता. तो तिथं यायला हवा, आणि त्याखाली त्या मुलापुरती योजना: टेबलावर कोणतं बधिरीकरण, ते साधारण किती वाजता ओसरेल, ओसरल्यावर पुढचं औषध कोणतं, वेदना दर किती तासांनी मोजणार, आणि आकडा चारच्या वर गेला तर रात्री कुणाला उठवायचं. त्या डॉक्टरचं नाव आणि फोन नंबर, मराठीत किंवा आईबापांच्या भाषेत, सहीच्या वर.